गालाचं विरजण

साखरपुडा रविवारी होता आणि संयोगिताच्या गालांची बुधवारीच सालपटं निघायला लागली होती.

लेकीच्या होणाऱ्या सासूबाई, शरयूताई, साताऱ्याच्या. बघणाऱ्याला चाळिशीच्या वाटाव्यात अशा. फोटोत त्यांच्या शेजारी आपण त्यांची आई दिसू, या धास्तीनं कुंडलच्या संयोगितानं महिनाभर जंतुनाशक साबणानं तोंड घासलं होतं, करपलेलं पातेलं घासावं तसं. आता चेहरा लालभडक झाला होता आणि नुसतं हसलं तरी चरचरत होतं.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, कातडीवर चांगले जिवाणूही राहतात. ते तिची राखण करतात, ओल टिकवतात. तुम्ही त्यांनाच हाकलून दिलंत. मग कातडी कोरडी पडणार आणि वयाआधी म्हातारी दिसणार. साबण बंद करा, हे साधं मलम लावा. येतील हळूहळू परत."

"रविवारपतुर येतील का?"

"ते काय पाहुणे आहेत, तारीख सांगून यायला?"

एसटीत संयोगिताचा जीव थाऱ्यावर नव्हता. दही हवं तर कुणी वाट बघत बसत नाही, चांगल्या घरचं विरजण आणून लावतात. मग इथंही तसंच! घरात चांगली कातडी तिच्या स्वतःच्या सासूबाईंची. सत्तरी ओलांडली तरी राहीबाईंचे गाल तुळतुळीत. पण गेली कित्येक वर्षं दोघींचं बोलणं 'भाकरी झाली' आणि 'दार लावा' यापुढं गेलं नव्हतं. मागायचं कोणत्या तोंडानं?

मागायचंच नाही, घेऊन टाकायचं, असं ठरवून ती घरी पोचली. राहीबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. संयोगिता सरळ त्यांच्या गळ्यात पडली आणि गालाला गाल घट्ट चिकटवून बसली. असलं चरचरलं, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

राहीबाई गारठल्या. सून गळ्यात पडून रडतेय आणि फौजेतला लेक तिकडं बर्फात, सरहद्दीवर! "माझ्या वीरधवलला काय झालं गं?" म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो साऱ्या आळीनं ऐकला.

"आवं आत्याबाई, काय बी झालं न्हाई! हलू नगा, विरजण लागू द्या!"

"काय लागू दे?"

शेजारचा जोतीराम पळत आला. त्यानं आधी वीरधवललाच व्हिडिओ कॉल लावला. "ह्यो बघा काकू, धडधाकट हाय की!" ते बघून राहीबाईंनी सुनेला आणखीच कवटाळलं. वीरधवलला मात्र आई आणि बायको गालाला गाल लावून रडताना दिसल्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोण गेलं?" एवढंच त्यानं विचारलं आणि रेंज गेली.

साखरपुड्यासाठी नाकारलेली रजा त्याला तासाभरात मिळाली. साहेबांना त्यानं एवढंच सांगितलं म्हणे, की आमच्या घरात असं पूर्वी कधीही घडलेलं नाही.

रविवारी संयोगिताचे गाल होते त्याहून लाल झाले होते. ती तोंडावर पदर ओढून स्वयंपाकघरात दडली. फोटोला हाका आल्या तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशीबशी बाहेर येते तोच दारात वीरधवल उभा! बर्फावरच्या उन्हानं त्याचं नाक सोललेलं, गाल लाल, जागोजागी सालपटं. तो तसाच येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

शरयूताई आळीपाळीनं त्याचा चेहरा आणि पदराआडून दिसणारे तिचे गाल बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"बघा! बाई नवऱ्याबरोबर बर्फात राहून आलेली दिसतेय. आणि तुम्ही? साताऱ्यात राहून मला अजून महाबळेश्वर दाखवलं नाहीत!"

संयोगितानं तोंडावरचा पदर मागं सारला.