मोठ्याईंना परवानगी नाकारली!

“परीक्षा? हॅत्! जेवण झाल्यावर बडीशेप चघळावी, तेवढंच काम ते!”

असं साईनाथ म्हणाला, आणि तेही बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या गाड्यावर, चारचौघांत. त्यामुळं दिवस मावळायच्या आत ते वाक्य खासबागेत त्याच्या घरी त्याच्याआधी पोचलं.

साईनाथ एका फौंड्रीच्या ऑफिसात कामाला होता. काम म्हणजे झेरॉक्स मशीनशेजारच्या स्टुलावर बसून कुणी हाक मारायची वाट बघणं. अशात ऑफिसातले कंप्युटर सांभाळणारे गृहस्थ रिटायर झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. काय ती खुर्ची! काळी, उंच पाठीची, चाकांची! गणपती बसायच्या आदल्या दिवशी पोरं मखराकडं बघतात, तसा साईनाथ तिच्याकडं बघत राहायचा.

मालक म्हणाले, “लिनक्सचं सर्टिफिकेट आण, खुर्ची तुझी. न्हायतर माझा मेहुणा घरात रिकामाच बसलाय.”

लिनक्स म्हणजे कंप्युटर चालवणारी एक खुली, फुकटची प्रणाली. गावच्या पाणवठ्यासारखी. कुणीही यावं, घागर भरावी, गाळ दिसला तर उपसावा. ती बसवायची कशी, माणसांची खाती उघडायची कशी, कुणाला काय दिसावं आणि कुणाला काय दिसू नये, अडून बसलेला प्रोग्राम कसा हाकलायचा, हे सगळं साईनाथला तोंडपाठ होतं. गोची एकच. प्रात्यक्षिकाला परीक्षक स्वतः येणार, आणि रोज चार माणसं वापरतात असा चालता कंप्युटर बघणार. फौंड्रीतला कंप्युटर सर्टिफिकेटशिवाय हाताळायला देत नव्हते. मग राहिला घरचा!

घर विणकरांचं. मागच्या खोलीत दोन माग. खटक-खट, खटक-खट! घराचं काळीजच तिकडं धडधडतंय असं वाटावं. पुढच्या सोप्यात कंप्युटर, आणि त्याच्या पोटात साड्यांची नक्षी: काठ, पदर, बुट्टे, मोर. ही नक्षी काढायची साईनाथची बायको रचना. ती बोरगावची. तयार साड्यांचे फोटो गिऱ्हाइकांना धाडायची त्याची आई दुर्गाबाई. आणि कुठल्या काठाला कुठला रंग, याचा शेवटचा शब्द थोरल्या चुलतीचा, राजाबाईंचा. त्यांना घरात सगळे मोठ्याई म्हणत.

मोठ्याई बोलत असल्या, तर घरात खुशाल वावरावं. चिडल्या की त्या बोलत नसत, ओवी म्हणत! सोप्यात ओवी सुरू झाली की मागच्या खोलीतले माग आपोआप थांबत. आज कुणाची पाळी आहे, ते ऐकायला!

तर साईनाथनं एका रविवारी सगळ्यांची खाती उघडली. आधी स्वतःचं. मग रचना शेजारीच बसली होती म्हणून तिचं. मग आईचं, मग मोठ्याईंचं. कंप्युटर चालू केला की पडद्यावर त्याच ओळीनं नावं यायची. मोठ्याईंनी चष्मा पुसला, नावं वाचली, चष्मा परत पुसला. आणि गळा साफ केला.

“खोक्यात लागला दिवा, दिव्यात नावं चारी,
धाकटी बसली पाटावरी, थोरली उभी दारी!”

माग थांबले.

“मोठ्याई, अवो ह्यात मानपान नसतोय!” साईनाथ कळवळून म्हणाला.

“नसतोय? मग लग्नाच्या पत्रिकेत माजं नाव बारक्या पोरांच्या खाली घालतोस व्हय रं?”

साईनाथनं सगळी खाती पुसली आणि वयाच्या ओळीनं परत उघडली. मोठ्याई, आई, तो, रचना. अगदी पत्रिकेसारखी! कपाळावरचा घाम पुसून तो चहा प्यायला गेला. कप तोंडाला लागतोय तोवर सोप्यातून हाक आली. ती हाक नव्हती, तोफ होती.

“साईनाथा! हे काय म्हणतंय बघ!”

मोठ्याईंनी रचनाची नव्या नक्षीची पेटी, म्हणजे फोल्डर, उघडायला घेतली होती, आणि पडद्यावर आलं होतं: परवानगी नाकारली.

“परवानगी नाकारली? मला? ह्या घरात?” मोठ्याई खुर्चीवरून उठल्या. “कुणी नाकारली? म्होरं या म्हणावं!”

रचना कधीच स्वयंपाकघरात पळाली होती.

“कुणी न्हाय वो, कंप्युटरनं. ज्याची पेटी त्यालाच उघडता येती. सुरक्षा असती ती.”

“माज्यापासनं सुरक्षा?”

साईनाथनं परीक्षेचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. आणि मोठ्याईंना अधिकारी करून टाकलं. अधिकाऱ्याला एक मंत्र मिळतो, ‘सुडो’. हुकमाच्या आधी तो शब्द लिहायचा, आपला पासवर्ड द्यायचा, की कंप्युटर मान खाली घालून ऐकतो. मोठ्याईंना ते फार आवडलं. असा एखादा शब्द मागवाल्यांसाठी पण असता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. आणि पहिलाच हुकूम म्हणून त्यांनी घरातल्या चौघांच्याही पडद्यामागं मोराच्या पदराचं चित्र लावून टाकलं.

दुर्गाबाईंना तिथं यल्लम्माचं चित्र हवं होतं. दुपारी मोठ्याई जरा आडव्या झाल्याचं बघून त्या आपल्या खात्यात शिरल्या, जावेनं लिहिलेलं आठवून आठवून तसंच लिहिलं, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

“रचना, वाच गं.”

रचनानं वाचलं. “आत्याबाई, ते म्हणतंय, दुर्गाबाईंचं नाव अधिकाऱ्यांत न्हाय. ह्या प्रकाराची वर्दी दिली जाईल.”

“वर्दी? कुणाला?”

“अधिकाऱ्याला.”

“म्हंजे आक्काला!” दुर्गाबाई मटकन् खालीच बसल्या. “मी माज्या घरात देवीचं चित्र लावायला गेलो, आणि हे मेलं खोकं आक्काला जाऊन चुगली सांगणार?”

त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. दुर्गाबाई तोंड भिंतीकडं करून बसल्या आणि भिंतीलाच सांगू लागल्या, “हो बाई, आम्ही कोण? आम्ही फक्त पोटात वाढवलं. अधिकार चुलतीला!”

साईनाथनं आईलाही अधिकारी केलं. मग काय! सकाळी पडद्यामागं मोर, दुपारी यल्लम्मा, चहाच्या वेळेला परत मोर! अधिकार कमीत कमी माणसांना द्यावेत, असं पुस्तकात जाड अक्षरांत छापलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याला थोरली चुलती नसावी.

“कशाला काळजी करतीस?” तो रचनाला म्हणाला. “परीक्षक आलं की अर्ध्या तासात दाखवतो सगळं. त्यांचा चहा निवायच्या आत!”

परीक्षक आले. नागराज सर. धारवाडकडचे, उंचेले, कपाळाला भस्म, बोलणं मऊ. चिरमुऱ्यांचा चिवडा खाऊन त्यांनी हात पुसले. मोठ्याई आणि दुर्गाबाई, दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून, परीक्षा त्यांचीच असल्यासारख्या दोन बाजूंना बसल्या.

“सरी,” नागराज सर म्हणाले. ‘सरी’ म्हणजे कानडीत ‘ठीक’. “पहिलं सोपं. माझ्या नावानं एक नवीन खातं उघडा बघू.”

साईनाथनं बोटं मोडली. बाह्या सरसावल्या. कीबोर्डवर दहा बोटं अशी नाचली की जणू हलगी! मग ऐटीत शेवटची कळ दाबली.

पडद्यावर आलं: साईनाथचं नाव अधिकाऱ्यांत नाही. या प्रकाराची वर्दी दिली जाईल.

सर पुढं वाकले. साईनाथही वाकला. परत लिहिलं. परत तेच.

“तुम्ही या कंप्युटरचे अधिकारी ना?”

“व्हय सर! म्हंजे… काल रात्रीपर्यंत होतो!”

तेवढ्यात धाडकन् आवाज झाला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या रचनाच्या हातातला बत्ता खाली पडला होता.

“माजं चुकलं वो!” ती पदर चावत म्हणाली. “सकाळी मोठ्या आत्याबाई म्हणाल्या, अधिकाऱ्यांत तुमचं नाव पयलं दिसतंय, सरांच्या म्होरं बरं न्हाय दिसत. वयाच्या ओळीनं लाव. नावं मागं-पुढं सरकंनात. म्हणून मोठ्या आत्याबाईंच्या खात्यातनं सगळ्यांना काढलं, तेवढं त्यांना ठेवलं, आणि एकेक परत घालाय लागलो. आत्याबाईंना घातलं, आणि आता तुम्हाला घालणार तेवढ्यात…”

“तेवढ्यात काय?”

“दूध उतू गेलं!”

फौंड्रीतली ती काळी खुर्ची साईनाथच्या डोळ्यांपुढनं चाकांवरून सर्रकन् निघून गेली. तिच्यावर मालकाचा मेहुणा बसला होता आणि गोल गोल फिरत होता!

“असू दे,” नागराज सर शांतपणे म्हणाले. “अधिकाऱ्याकडनं अधिकार मागून घ्या. हे पण शिकायलाच पाहिजे.”

साईनाथ मोठ्याईंकडं वळला.

“मोठ्याई…”

“त्या दिवशी कोण म्हणत होतं, ह्यात मानपान नसतोय?”

“असतोय मोठ्याई! लई असतोय!”

मोठ्याई उठल्या, पदर खोचला, कंप्युटरपुढं बसल्या. आता पासवर्ड. पासवर्ड लांबलचक असावा असं साईनाथनंच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी अख्खी ओवीच ठेवली होती. पण मोठ्याईंना ओवी नुसती लिहिता येत नसे. गळ्यातनं निघाल्याशिवाय ती बोटात उतरतच नसे!

“हिरव्या साडीची गं, मोडू नको बाई घडी,
धाकट्या जाऊबाई, तोंडाला घाल कडी!”

“आगं बया!” दुर्गाबाई ताडकन् उभ्या राहिल्या. “माज्यावर पासवर्ड?”

“बाई,” सरांचे डोळे कपाळात गेले, “पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो!”

“गुप्तच हाय की! हळूच म्हटलं.”

पण कंप्युटरनं पासवर्ड घेतला नाही. चूक म्हणाला. मोठ्याईंनी परत म्हटला, परत चूक. तेवढ्यात परड्याच्या भिंतीपलीकडनं शेजारच्या अंबुबाईंचा आवाज आला.

“राजाक्का! ‘घाल कडी’ न्हवं गं! ‘लाव कडी’! ‘लाव कडी’!”

“हां, खरं की!” मोठ्याई म्हणाल्या, आणि कुलूप उघडलं. साईनाथचं नाव अधिकाऱ्यांत परत आलं.

नागराज सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. साईनाथला वाटलं, संपलं! पण अधिकार हातात आला आणि गड्याच्या अंगात वारं शिरलं. सरांचं खातं उघडलं, पासवर्ड ठरवून दिला. अडून बसलेला प्रोग्राम शोधून त्याची मान मुरगळली. नक्षीच्या सगळ्या पेट्यांची दुसरी प्रत काढून ठेवली. एक पेटी मुद्दाम पुसली आणि प्रतीतून परत आणली, मोर पिसासकट जसाच्या तसा! सर “सरी, सरी” करत कागदावर खुणा करत गेले. दुर्गाबाईंनी राग गिळून त्यांना आणखी चहा दिला.

“आता शेवटचं,” सर म्हणाले. “हे जमलं की पास. या कंप्युटरला तीन अधिकारी आहेत. असं चालत नाही. कंप्युटरला अधिकारी एकच ठेवा. बाकी दोघांचे अधिकार काढा.”

साईनाथची बोटं हवेतच राहिली.

उजवीकडं आई. डावीकडं मोठ्याई. मागं माग थांबलेले, आणि भिंतीपलीकडं अंबुबाईंचा श्वास. समोर पडद्यावर तीन नावं, वयाच्या ओळीनं.

त्यानं आईकडं बघितलं.

“काढ बाबा,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मला सवय हाय.”

त्यानं आईचं नाव काढलं. दुर्गाबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि पदराआडून जावेकडं बघितलं. राहिली दोन नावं. साईनाथचं आणि मोठ्याईंचं.

मोठ्याईंनी गळा साफ केला. 

बाजूला पुस्तक उघडं होतं. त्यात जाड अक्षरांत लिहिलं होतं, अधिकार जबाबदार माणसाकडंच ठेवावा. तो जबाबदार माणूस म्हणजे साईनाथच, हे दगडालाही कळलं असतं. एक ओळ लिहायची, एक कळ दाबायची, आणि खुर्ची आपली! पण ती ओळ लिहिल्यावर घरात राहायचं कसं? रोज सकाळी उठून जी ओवी कानांवर येईल, ती खाली उद्यमबागेपर्यंत ऐकू जाईल. लोक गाड्या थांबवून ऐकतील. पुढच्या पिढीतल्या बायका पोरांना झोपवताना म्हणतील!

त्यानं डोळे मिटले. एक ओळ लिहिली. कळ दाबली.

पडद्यावर एकच नाव राहिलं. राजाबाई.

“तुम्ही स्वतःलाच काढलंत?” नागराज सरांनी चष्मा वर सरकवला.

“सर, तुम्ही म्हणालात अधिकारी एकच ठेवा. कोण, ते म्हणालात न्हाय.”

सरांनी हातातला कागद वरून खाली वाचला, खालून वर वाचला. मग मोठ्याईंकडं बघितलं. 

“सरी,” ते हळूच म्हणाले. “नियमात बसतंय. आमच्या घरी आमची आज्जी आहे. मी पण हेच केलं असतं.” आणि त्यांनी सही ठोकली. पास!

साईनाथनं मोठ्याईंच्या पाया पडताना असा सूर मारला की सरांच्या बशीतला उरलेला चिवडा सोपाभर उडाला.

आता साईनाथ त्या काळ्या खुर्चीत बसतो. फौंड्रीतले सगळे कंप्युटर त्याच्या एका शब्दावर उठतात, बसतात. मालकाचा मेहुणा येऊन त्याला ‘साईनाथ सर’ म्हणून नमस्कार करून जातो. गेल्या आठवड्यात सर्टिफिकेट ईमेलनं आलं. ते छापून सोप्यात लावायचं म्हणून तो रचनाला मागं बसवून बाजारातनं नवा कोरा प्रिंटर घेऊन आला, दोरीनं गाडीला बांधून. उघडला, टेबलावर ठेवला, वायर लावली. कंप्युटरनं विचारलं, हे नवीन यंत्र जोडायला अधिकाऱ्याची संमती आहे का?

“मोठ्याई,” साईनाथ मांजरासारखा जाऊन उभा राहिला, “जरा येता का? प्रिंटर जोडायचा होता.”

मोठ्याईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

“आज अमुशा हाय. आज नवीन काय जोडायचं न्हाय.”

“अवो पण…”

“न्हाय म्हटलं न्हवं?”

“बरं,” असं म्हणून लिनक्सचे सर्टिफिकेटवाले अधिकारी साईनाथ सर खाली बसले, आणि प्रिंटर परत खोक्यात भरू लागले.