पिस्ता रंगाचं कपाट

रविवारच्या पेपरची पुरवणी भज्यांचं तेल टिपण्यासाठी असते, वाचण्यासाठी नसते, असं माझं ठाम मत आहे. पण आषाढातल्या त्या शेवटच्या रविवारी भजी लवकर संपली आणि पुरवणी हातात उरली. तिच्यात कुण्या बाईंनी लिहिलं होतं, 'जुन्या फर्निचरला नुसता नवा रंग द्या. घर दहा वर्षांनी तरुण दिसेल आणि खर्च एका सिनेमाचा.' खाली दोन फोटो होते, रंगाआधीचं कपाट आणि रंगानंतरचं कपाट. आधीचं हुबेहूब आमच्या कपाटासारखं होतं. (नंतरच्या कपाटाशेजारी एक बाई नवऱ्याकडे कौतुकानं बघत उभी होती. आमच्या घरी हे दृश्यही बऱ्याच दिवसांत दिसलं नव्हतं.)

एरवी मी पुरवणी मिटून झोपलो असतो. पण येत्या गुरुवारी शिवलीलाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, मामा येणार होते. आठ वर्षांनी.

हे आठ वर्षांचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण त्यातही दोषी मीच आहे. शिवलीला तीन वर्षांची असताना तिचे वडील गेले. गडहिंग्लजच्या अण्णासो हुक्केरी मामांनी तिला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं आणि लग्नात आरशाचं लोखंडी कपाट दिलं. पुढे आम्ही कळंब्याला दोन खोल्या बांधल्या. घरभरणीच्या कार्डावर 'आपले नम्र' म्हणून पाहुण्यांची यादी छापायची होती. मी, राजशेखर शेटे, शाहूपुरीतल्या पंपाच्या दुकानात कारकून. पंधरा वर्षं गिऱ्हाइकांची नावं आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावण्याची हाताला सवय. त्याच सवयीनं मी पाहुणेही लावले. हुक्केरी शेवटी गेले. त्यांच्यावर कोण, तर शेजारचे सुतार, ज्यांची आमची ओळख होऊन पंधरवडाही झाला नव्हता.

मामांनी कार्ड वाचलं, घडी घातली आणि घरभरणीला आले नाहीत. मग नागपंचमीला भाचीला माहेरी न्यायलाही आले नाहीत. एक नाही, दोन नाही, आठ पंचम्या गेल्या. दर श्रावणात गल्लीतल्या बायका माहेरी निघाल्या की शिवलीला दारातलं तेच अंगण दोनदा झाडायची. मला बोलायची काही नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि आता मामांचा फोन आला होता. "गुरवारी येतोय. पोरीला पंचमीला न्यायाला," एवढंच बोलून ठेवला. त्यांनी फोन ठेवल्यावरही शिवलीला रिसीव्हर धरून उभी होती.

"घराचं कायतरी करूया का गं?" मी विचारलं.

"झाडलोट मी करते. तुमी कशाला हात लावू नगा," ती म्हणाली. (याला कारण होतं. मागच्या दिवाळीत मी डुगडुगणारं स्टूल दुरुस्त केलं होतं. आता ते डुगडुगत नाही, कारण ते आडवंच असतं.)

पण ती दळण टाकून बाजारहाटाला गेली आणि मी शाहूपुरीत रंगाच्या दुकानात.

"पेपरात फिकट, शांत रंग सांगितलाय," मी म्हणालो.

"पावणं, कशाला पायजे? कपाटाला का म्हशीच्या शिंगाला?" दुकानदारानं विचारलं. जनावरांची शिंगं रंगवायचा सण, बेंदूर, होऊन पंधरा दिवस झाले होते आणि त्याच्याकडे शिंगांचा रंग उरला होता.

"कपाटाला."

"मग ह्यो घ्या पिस्ता. गेल्या साली एकानं म्हशीला लावला. म्हस अजून वळखत न्हाय घरात कुणाला, पर रंग गेला न्हाय."

एवढी खात्री कुठली कंपनी देते? मी डबा घेतला आणि शिवलीला बाजारहाट करून परत यायच्या आत कपाट वरपासून खालपर्यंत पिस्ता करून टाकलं. डावीकडच्या दारावरचा आरसा तेवढा सोडला. उजवीकडच्या दारावर काही जुनी पिवळी अक्षरं होती, त्यांच्यावर जास्तीचा हात मारला. ती अक्षरं फार हट्टी होती. तीन हात घेतले तेव्हा गेली.

शिवलीला आली, पिशवी खाली ठेवली आणि कपाटाकडे बघत राहिली. "चांगलं दिसतंय की," ती म्हणाली. लग्नाला सोळा वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी फोटोतल्या नवऱ्यासारखा उभा राहिलो.

मग ती जवळ गेली. "मामाचं नाव कुटाय?"

ते हट्टी पिवळं जे होतं ते 'चि. सौ. कां. शिवलीला हिस सप्रेम भेट, मामा अण्णासो बसाप्पा हुक्केरी, गडहिंग्लज' असं होतं. सोळा वर्षं ते रोज डोळ्यांसमोर होतं, म्हणून मी ते कधी वाचलंच नव्हतं.

"कार्डावर नाव खाली गेलं म्हणून माणूस आठ वरसं आला न्हाय," ती हळू म्हणाली. "आता येतोय तर तुमी नावच पुसलं." आणि ती स्वयंपाकघरात गेली. ती ओरडली नाही. भांडी वाजली नाहीत. त्या शांततेनं मला खरंच भीती वाटली.

कोल्हापुरात सुंदर अक्षर म्हणजे बाबालाल पेंटर. पण ते श्रावणषष्ठीच्या गडबडीत होते. जोतिबाच्या डोंगरावर यात्रेआधी बसवायची पंचवीस बाकं त्यांच्या दारात ओळीनं उभी होती आणि बाबालालभाई एकेकावर नावं घालत होते. मी तीन दिवस त्यांच्या दारात चकरा मारल्या. शेवटी गुरुवारी सकाळी ते ब्रश आणि लाल रंगाची डबी घेऊन आमच्याकडे आले.

मामांची एसटी साडेदहाला होती आणि मला त्यांना आणायला स्टँडवर जायचं होतं. मी कागदावर मामांचं नाव, गाव आणि शिवलीलाचं नाव लिहून दिलं.

"मजकूर काय टाकू?" बाबालालभाईंनी विचारलं.

मूळ मजकूर मला शब्दशः आठवेना. आणि कलावंताला फार सूचना देऊ नयेत, असंही पुरवणीत होतं. "तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं टाका," मी म्हणालो. "नाव तेवढं मोठं पाहिजे. सगळ्यांत वर."

"तुमी बिनघोर जावा," ते म्हणाले.

मी बिनघोर गेलो.

मामा स्टँडवर उतरले ते पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि हातात पंचमीच्या साडीची पिशवी घेऊन. वाटभर ते तीन वाक्यं बोलले. पहिलं, "पाऊस हाय." दुसरं, "रिक्षावाला आंधळा हाय." आणि कळंबा आल्यावर तिसरं, "ते सुतार अजून शेजारीच ऱ्हात्यात काय?" त्यांनी कार्ड पाठ केलं होतं, हे मला कळून चुकलं.

दारात शिवलीलानं पाण्याची बादली ठेवली होती. मामा पाय धुऊ लागले. मी पुढे आत शिरलो. बाबालालभाई काम संपवून गेले होते. शिवलीला आत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ढवळत होती, तिनं बाहेर वळूनही बघितलं नव्हतं. उजव्या दारावर, पिस्त्यावर लालभडक, देखण्या, छातीएवढ्या उंचीवरच्या ओळी होत्या.

'कै. अण्णासो बसाप्पा हुक्केरी, गडहिंग्लज यांच्या स्मरणार्थ. भाची सौ. शिवलीला यांजकडून.'

नाव मोठं होतं. सगळ्यांत वर होतं.

मागून मामांच्या खाकरण्याचा आवाज आला. मला विचार करायला वेळ नव्हता. (असता तरी उपयोग नव्हता.) मी वळलो आणि पाठ दाराला लावून उभा राहिलो.

मामा आत येऊन खाटेवर बसले. "बसा की पावणं."

"नको. उभाच बरा. पाठ धरलीय."

"मग पाठीला एरंडाचं पान बांधा."

"बांधतो."

"आत्ता बांधा की."

"आत्ता टेकल्यावर जरा आराम पडलाय."

मामांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग कपाटाकडे. "ह्ये माझंच कपाट न्हवं?"

"व्हय."

"रंग दिलाय."

"व्हय."

"आन् नाव?"

"नाव हाय की. नव्यानं घातलंय. जेवल्यावर दाखवतो."

शिवलीला पदराला हात पुसत आली, मामांच्या पाया पडली आणि तिथेच बसून राहिली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "वाळलीस." एवढ्या एका शब्दात त्यांनी आठ वर्षांचं बोलून घेतलं. पण मला डोळे पुसायला रुमाल काढता येईना, कारण तो मागच्या खिशात होता.

"अवं, जरा पाट मांडा," शिवलीला मला म्हणाली आणि ताटं वाढायला आत गेली.

आता हलणं भाग होतं. श्रावणातल्या दमट हवेत दहा मिनिटं टेकल्यावर सदरा दाराला चांगलाच चिकटला होता. मी अंग सोडवलं आणि बाजूला होता होता उरलीसुरली अक्षरं कोपरानं अशी फरफटवली, की दारावर फक्त एक लाल ढग राहिला. वाचायला काही शिल्लक नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून एखादं काम फत्ते झालं होतं. त्या आनंदात मी दोन पाट उचलले आणि मामांसमोर, कपाटाच्या डाव्या दाराला पाठ करून, ते मांडायला लागलो.

डाव्या दाराला आरसा होता, हे मी मघाशी सांगितलंच आहे. सदऱ्यावर मजकूर उलटा उमटला होता. आरशात तो सुलट झाला.

मामा सातवी पास. ते सावकाश, एकेक अक्षर लावून वाचतात. "कै..." मामा म्हणाले. "अण्णासो... बसाप्पा..."

मी पाट मांडायचा थांबलो.

"...हुक्केरी... यांच्या... स्मर... स्मरणार्थ." मामांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला आणि आणखी एकदा वाचलं. "पावणं," ते म्हणाले, "मी कवा गेलो? मला कुणी कळवलं न्हाय."

आतून हुग्गीची वाटी घेऊन आलेली शिवलीला उंबऱ्यात थबकली. तिनं मामांच्या नजरेमागून आरशात बघितलं आणि वाटी तिथेच खाली ठेवली. मामांनी पिशवी उचलली. त्यात पंचमीची साडी होती. ती जर आता परत गडहिंग्लजला गेली असती तर पुन्हा आली नसती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग मी सगळं सांगून टाकलं. पुरवणी, म्हशीच्या शिंगांचा रंग, हट्टी पिवळी अक्षरं, बाबालालभाईंची बाकं, सगळं. वर घरभरणीच्या कार्डाचंही सांगितलं. आजवर सगळ्यांनी ते छापखान्यावर ढकललं होतं. "मी आडनावाप्रमाणं लावली होती नावं," मी म्हणालो. "दुकानात लावतो तशी. मला अक्कल नव्हती. हिचा त्यात काही दोष नव्हता."

मामांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "फिरा जरा."

मी फिरलो.

"तसं न्हवं. आरशाकडं पाठ करून. व्हय. आता थांबा." त्यांनी पुन्हा वाचलं. "ह्यात माझ्या वर कोन हाय?"

"कुणी न्हाय."

"सुतार?"

"न्हाय."

"खाली कोन हाय?"

"शिवलीला. ते आता माझ्या कमरेपाशी असेल."

मामांच्या मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं हललं. मग पोट हलायला लागलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. शिवलीला पाणी घेऊन धावली, ती रडत होती आणि हसतही होती. "नाव झ्याक काढलंय," मामा डोळे पुसत म्हणाले. "एकटंच हाय, पयल्या नंबरला हाय. त्यासाठनं मराय लागलं, त्याला इलाज न्हाय." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पाटावर बसले. तीन वाट्या हुग्गी खाल्ली.

दुपारी बाबालालभाईंना परत बोलावलं. त्यांना आपलं काय चुकलं ते कळेना. "साहेब म्हणाले, नेहमीच्या पद्धतीनं टाका," ते मामांना सांगू लागले. "माझी नेहमीची पद्धत हीच. पंचवीस बाकं झाली, त्यात जित्तं माणूस एक न्हाय."

"साहेब म्हणाले व्हय, नेहमीच्या पद्धतीनं?" मामांनी विचारलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी उगाच खिडकी उघडायला गेलो. ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं असेल, असं मात्र तेव्हा मला वाटलं नाही.

नाव नीट घातलं गेलं. 'सप्रेम भेट' आलं, 'कै.' गेलं. ब्रश सुकायच्या आत शिवलीला मामांबरोबर पंचमीला निघाली. जाताना तिनं रिक्षातून मागे वळून कौतुकानं बघितलं. (माझ्याकडे नाही, कपाटाकडे. पण मी मध्येच उभा होतो, म्हणून निम्मं मला मिळालं.) तो सदरा पुढे फर्निचर पुसायला गेला. दुसऱ्या कुठल्याही कामाचा तो राहिला नव्हता.

पुढच्या वैशाखात मामांच्या नातीचं, दानेश्वरीचं लग्न ठरलं. पोस्टानं कार्ड आलं. पण कार्डाआधी माणसं आली. दुकानातला शिपाई गुंडू, मूळचा गडहिंग्लजचा, मला बघून दाराशीच थांबला आणि म्हणाला, "साहेब, तुमी कसं काय?" गडहिंग्लजची चिमणाबाई शिवलीलाला भेटायला येऊन बसली, तिचा हात हातात घेतला आणि तेवढ्यात मी चहा घेऊन बाहेर आल्यावर किंचाळली. मग मी कार्ड उघडलं.

'आपले नम्र' खाली, सगळ्यांत वर, इतरांपेक्षा मोठ्या टायपात होतं, 'कै. राजशेखर शेटे, कोल्हापूर.'

मी गडहिंग्लजला फोन लावला. मामांनीच उचलला.

"मामा, हे काय छापलंय?"

"मला काय ठावं? मी छापखानावाल्याला सांगितलं, तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं छाप," मामा म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसत राहिले.

मी रिसीव्हर आपटला आणि कार्ड शिवलीलापुढे नाचवलं. "चारशे घरांत गेलंय हे. चारशे घरांत मी मेलोय. तुला काहीच वाटत नाही?"

शिवलीलानं कार्ड हातात घेतलं, खिडकीजवळ उजेडात नेलं आणि मामांसारखंच सावकाश वाचलं.

"असं काय करताय," ती म्हणाली, "पयल्या नंबरला हाय की."