घरत सरांचे तीस तास

घरत सर हात धुवायला उभे राहिले की मागच्या माणसाने खुशाल दुसरा नळ शोधावा. तळहातावर तळहात, मग हाताची पाठ, मग बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, शेवटी मनगटं. हे इस्पितळात केलं तर कुणाची तक्रार नाही, त्याचाच त्यांना पगार मिळतो. पण आमच्या कंपाउंडरच्या मुलीच्या लग्नात, दिवेआगरला, पहिली पंगत वाढून तयार, यजमान हात जोडून उभे, आणि सर एकुलत्या एका नळाशी डाव्या अंगठ्यापर्यंत पोचलेले. मागे पंधरा वऱ्हाडी. त्यातल्या एका मामांनी विचारलं, "पाव्हणं, हाताला डांबर लागलंय काय?" सर न वळता म्हणाले, "घाण नेहमी दिसतेच असं नाही." मामांनी मांडवाच्या खांबाला हात पुसले आणि पंगतीला जाऊन बसले. सरांनी खिशातून डायरी काढून त्याची नोंद केली.

विश्वनाथ घरत हे आमचे गुणवत्ता अधिकारी. बोर्ली पंचतनच्या बाजारामागे आमचं पंचवीस खाटांचं खाजगी इस्पितळ आहे. मी तिथे रेकॉर्ड रूम सांभाळते, म्हणजे केसपेपर, फायली आणि झुरळं. सर मूळचे उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. गुणवत्ता अधिकारी नेमकं काय करतो हे मला पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. डॉक्टर तपासतात, सिस्टर इंजेक्शन देतात, भागीमावशी लादी पुसतात, आणि हे सगळं झालं म्हणून सांगितलं की सर म्हणतात, "पुरावा?" हा त्यांचा लाडका शब्द. एकदा मी म्हटलं, "सर, मी जेवून आले." सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुरावा?" मी चिडून डबा उघडून दाखवला. सर शांतपणे म्हणाले, "नीता, हा डबा रिकामा असल्याचा पुरावा आहे. तू जेवल्याचा नाही."

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे 'पाच का'. काही बिघडलं की माणसाला ओरडायचं नाही, पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं, असं त्यांचं शास्त्र सांगतं. एकदा चहा गार आला. का? उशिरा आला. का? दूध उशिरा आलं. का? दूधवाला फाटकाबाहेर ताटकळला. का? फाटकासमोर गाडी आडवी लावलेली होती. पाचवा 'का' विचारायला सर थेट मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले, कारण गाडी डॉक्टरांची होती. डॉक्टर इस्पितळाचे मालक. त्या दिवसापासून आमच्याकडे चारच 'का' विचारले जातात.

दर महिन्याला सर आमचं प्रशिक्षण घेतात. आधी चाचणी, मग भाषण, मग तीच चाचणी पुन्हा. आधी मार्क कमी आणि नंतर जास्त पडले की प्रशिक्षण यशस्वी. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की पहिल्या चाचणीत आम्ही अगदी मन लावून चुकत असू. 'हात कधी धुवावेत?' याला वॉर्डच्या सिस्टरने 'दिवाळीत' असं उत्तर लिहिलं होतं. पंचाईत केली ती भागीमावशींनी. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रश्न वाचून दाखवले. पहिल्या चाचणीत दहापैकी दहा. सरांच्या पाऊण तासाच्या भाषणानंतर दहापैकी सहा.

"मावशी, असं कसं झालं?" सर हादरलेच.

"आदी मला म्हायती व्हतं, सायेब. तुमी येवढं समजावलंत, मंग माझा घोटाला झाला."

मोठे डॉक्टर म्हणाले, दोन्ही कागदांची अदलाबदल करा, तपासणीवाले फक्त आलेख बघतात. सरांनी ऐकलं नाही. लाल पेनने खाली जाणारी रेघ काढली, तिच्याखाली 'प्रशिक्षकास प्रशिक्षणाची गरज' असं लिहिलं आणि सही ठोकली. तो कागद अजून फायलीत आहे. मला ह्या माणसाचा राग येता येता राहतो तो अशा वेळी.

आणि प्रशिक्षणाची गरज सरांनी फारच मनावर घेतली. ठीक चार वाजता ते टेबल आवरून घरी जात आणि सहापर्यंत वेबिनार बघत. रोज. इस्पितळात रेंज येत नाही हे कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन प्रमाणपत्र छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून भिंतीवर. 'लिफ्टमधील रुग्णसुरक्षा' असं एक होतं. आमचं इस्पितळ बैठं आहे. 'हेलिकॉप्टरने आणलेल्या रुग्णाची नोंद' असंही एक होतं. आमच्याकडे रुग्ण येतात रिक्षाने, नाहीतर मासळीच्या टेम्पोतून. भिंती भरल्या तेव्हा प्रमाणपत्रं कपाटाच्या दारांवर चढली. चार ते सहा त्यांच्या सगळ्या फायली मात्र माझ्या गळ्यात. मी घरी जाऊन नवऱ्यापाशी रोज कुरकुर करी, की आमचे सर शिकून शिकून हुशार होतात आणि मी म्हातारी होते.

मग आमची मोठी तपासणी ठरली. पुढच्या महिन्यात बाहेरचं पथक येणार होतं, आणि गुणवत्ता अधिकाऱ्याचा परवाना चालू असणं ही त्यांची पहिली अट. परवान्याचं नूतनीकरण करायला मान्यताप्राप्त शिक्षणाचे तीस तास भरावे लागतात. मुदत महिनाअखेर, म्हणजे पंधरा दिवस. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. "नीता, घरतांची ती सगळी तोरणं उतरव आणि संगणकावर चढव. परवाना संपला तर मला महाडहून दुसरा माणूस आणावा लागेल, सांगून ठेवतो."

मी एक दुपार त्याच्यात घातली. एकशे चाळीस प्रमाणपत्रं. दोन सोडली तर प्रत्येकाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एकच ओळ: 'हे केवळ सहभागाचे प्रमाणपत्र असून नूतनीकरणासाठी ग्राह्य नाही.' एकशे चाळिसांतून ग्राह्य तास निघाले चार.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या डब्याचा पुरावा मागणाऱ्या माणसाने स्वतःच्या कागदावरची तळाची ओळ वाचू नये? साडेचार वाजले होते. गठ्ठा काखेत मारला आणि तणतणत त्यांच्या घरी गेले. बाजाराच्या टोकाला, सुपारीच्या वाडीला लागून त्यांचं भाड्याचं घर. तीन वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. बायकोला बरं नसतं, एवढंच आम्हाला ठाऊक. दार उघडंच होतं.

टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर पंचवीस-तीस चौकोन, चौकोनात एकेक माणूस, आणि एक टायवाला काहीतरी समजावून सांगत होता. पण लॅपटॉपसमोर सर नव्हते. तिथे इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई ताठ बसल्या होत्या. पुढ्यात लांबट वही, हातात पेन्सिल. एकेका चौकोनावर पेन्सिल रोखून त्या नावं घेत होत्या. "म्हात्रे सुरेखा. पारकर इम्तियाज. पाटील हसूराम." पडद्यावरच्या एकाचंही नाव ते नव्हतं. कुणी मान हलवली की वहीत बरोबरची खूण. मध्येच वैतागून म्हणाल्या, "तो टायवाला फार बडबडतो. त्याला बाकावर उभा करा."

सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तांदूळ निवडत होते. मला पाहून उठले आणि तोंडावर बोट ठेवून मला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"शाळेत शिक्षिका होती," ते हळू म्हणाले. "सदतीस वर्षं. आता काहीच लक्षात राहत नाही. दिवसभर शेजारच्या काकू बघतात, पण चार वाजले की हिला राहवत नाही. पोरं खोळंबलीत म्हणते आणि बाहेर पडते. दोनदा श्रीवर्धनच्या रस्त्यावर सापडली. एकदा मी वेबिनार लावला होता, तर ही चेहरे बघून शांत बसली. वर्ग भरला म्हणाली."

"पण सर, ह्यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. खाली लिहिलंय."

"माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे." ते तांदळाचं ताट ओट्यावर ठेवत म्हणाले, "मान्यताप्राप्त असतात त्यात नुसता शिकवणारा दिसतो, नीता. समोर पोरं दिसत नाहीत. फुकटातल्यांमध्ये सगळ्यांचे चेहरे असतात. मी चेहरे मोजून वेबिनार निवडतो."

आत जो राग घेऊन आले होते त्याची मला लाज वाटली. मी विचारलं, परवाना गेला तर?

"तर पनवेलकडे कुठेतरी नोकरी बघायची. पण नवं घर हिला सोसत नाही. इथे आलो तेव्हा सहा महिने रोज विचारायची, आपण कुणाकडे उतरलोय." मग थोडं थांबून म्हणाले, "मला तर ती इथेही घरमालकच समजते."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना रेकॉर्ड रूममध्ये गोळा केलं आणि सगळं सांगितलं. सरांना मी 'पाच का' विचारलेच नव्हते, एकही विचारला नव्हता, ही आपली सगळ्यांचीच त्रुटी आहे असंही म्हटलं. सिस्टर डोळे पुसत होत्या. भागीमावशी म्हणाल्या, "रडताव काय? बाईंना पोरं पायजेत ना? मंग आपुन हाव की."

त्या दिवशी चारला बाईंच्या लॅपटॉपवर आमचाच वर्ग भरला. जो तो फोन घेऊन गच्चीवर, कारण रेंज फक्त तिथेच. दोन सिस्टर, कंपाउंडर, मी, माझ्या जुन्या फोनवर भागीमावशी, फाटकावरचा गुरखा. वर्गात गर्दी दिसावी म्हणून माझी नणंद हरिहरेश्वरच्या तिच्या लॉजच्या काउंटरवरून सामील झाली. मध्येच पर्यटकांना खोल्यांच्या चाव्या देई आणि बाईंची बोलणी खाई. तिकडे सर स्वयंपाकघरात दार लोटून, इस्पितळाच्या टॅबवर, मान्यताप्राप्त शिक्षण घेत बसले.

आमच्यासारखे ढ विद्यार्थी बाईंना सदतीस वर्षांत मिळाले नसतील. गुरख्याला सातचा पाढा येईना. कंपाउंडर दोनदा डुलकी काढताना सापडला. एक दिवस मोठे डॉक्टर चौकशीला वर आले आणि माझ्या फोनमध्ये डोकावले, तर बाई कडाडल्या, "उशिरा का? गुंड्या लाव आधी!" इस्पितळाच्या मालकांनी निमूटपणे गुंडी लावली आणि शेवटपर्यंत उभे राहिले. भागीमावशी मात्र पाटी घेऊन येऊ लागल्या. सरांनी पाऊण तास समजावलं की त्यांचा घोटाळा होत असे. बाईंनी आठवड्यात त्यांना 'भागी' लिहायला शिकवलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सव्वापाचच्या सुमारास, वर्ग चालू असताना बाईंच्या मागचं स्वयंपाकघराचं दार उघडलं. सर दारात उभे होते. त्यांनी आम्हाला टॅब उंच करून दाखवला. तीस तास भरले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या, गुरख्याने शिट्टी मारली. बाई वर्गावर रागावल्या, मग आवाज कशाचा म्हणून मागे वळल्या.

"तू कोण रे? रोज आत बसतोस वाटतं?"

"हो, बाई."

"नाव?"

"घरत. विश्वनाथ."

बाईंनी वहीतली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. "तुझं नाव नाही माझ्याकडे."

सरांनी टॅब खाली घेतला.

बाईंनी पेन्सिल उचलली आणि शेवटच्या नावाखाली सावकाश, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरात, नाव घातलं. वही लांब धरून एकदा बघितली. मग पलीकडची खुर्ची ओढून आपल्या शेजारी घेतली.

"आत कशाला बसतोस एकटा? उद्यापासून इथे बसत जा. माझ्याजवळ."

सर खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, आणि बाईंनी त्यांची चुरगळलेली कॉलर सरळ केली. मी फोन बंद केला. बाकीच्यांनीही केले असावेत, कारण जिन्यावरून खाली येताना सगळे माझ्याबरोबरच होते.