छातीच्या परीक्षेची बखर

घरच्या देवांस नमस्कार, आणि जे ऐकतील त्यांस रामराम. शके १९४३, प्लवनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमी, सोमवार, ते दिवशी सकाळी इस्पितळाचे फाटकापाशी निळा झगा घातलेला एक इसम आला आणि त्याने पुकारिले की, वैजयंताबाईंचे कोण आहे? आम्ही व कन्या ऋजुता उठून उभे राहिलो, आणि त्याने मान खाली घातली, तेव्हा वर्तमान कळले जे, आमचे कुटुंब देवाघरी गेले. ते कैसे घडले ते लिहितो.

ऋजुता वैद्यकी शिकावयास बर्फाचे मुलखी गेली होती, आणि महामारी उठली, मग तेथील सरकारने परदेशी विद्यार्थ्यांस आपापले देशी धाडिले, आणि सरहद्दी बंद जाहल्या, आणि विद्या मोबाईलचे पडद्यावरून सुरू जाहली. वर्गात कोणी लंकेची, कोणी मिसरचा, कोणी आफ्रिकेतील हबसाणाचा, सारे आपापले घरी बसून चौकोनात दिसत. रेंज गेली म्हणजे ऋजुता गच्चीवर टाकीपाशी जाऊन बसे, आणि गुरुजींचे तोंड हाले, शब्द येत नसे. रोगी तर कोठेच नाही. मग विद्यापीठाचे दरबाराने हुकूम काढिला की, प्रत्येकाने घरचे एक माणूस रोगी करावे, त्याने नेमून दिल्या रोगाचे सोंग करावे, आणि विद्यार्थ्याने त्यास पडद्यासमोर तपासावे. प्रथम आम्हांस रोगी केले. परंतु पोट दाबिले की गुदगुल्या होऊन आम्हांस हसू येई, यास्तव आमची बडतर्फी जाहली आणि वैजयंताबाईंस नेमिले. त्या पोळ्या लाटता लाटता विचारीत, "आज काय दुखायचं माझं?" आणि ऋजुता म्हणे, "डावी कूस. पण मी दाबल्यावर ओरड, आधीच नको." आणि बाई म्हणत, "मग दाब की नीट. हातात जोरच नाही तुझ्या." ऐसे करिता बाईंस कावीळ जाहली, मूतखडा जाहला, आणि पडद्यावरची सारी मुले त्यांस आई म्हणो लागली.

मग वर्षाची परीक्षा आली, आणि रोग नेमून आला तो श्वास लागणे. नियम ऐसा जे, मध्येच पडद्यासमोरून उठेल तो नापास, त्याचे वर्ष गेले. बाईंस आदले दिवसापासून कसकस होती, ती त्यांनी ऊन लागले म्हणून सांगितली. कारण साथीचा संशय बोलावा तर वेगळे खोलीत बसावे लागे, आणि मग ऋजुतेस रोगी कोठला? दुपारी परीक्षा सुरू जाहली. ऋजुतेने प्रश्न केला की, श्वास केव्हापासून लागतो? बाईंनी उत्तर अर्धे दिले आणि थांबल्या, आणि मग उरले अर्धे दिले. परीक्षकसाहेब बहुत खूष जाहले, म्हणाले की, तुमचा रोगी उत्तम सोंग करतो. मग ऋजुतेने तपासावयाची नळी आईचे पाठीस लाविली, आणि तिचा हात तेथेच राहिला. नळी सरकविली, पुन्हा ऐकिले, आणि आईची नखे पाहिली, ती निळी पडली होती. आम्ही दारात उभे राहून मुलीचे तोंड पाहत होतो. ती साहेबांस म्हणाली, "सर, हे सोंग नाही." साहेबांस वाटले, हेही परीक्षेतलेच, त्यांनी सांगितले की, छान, आता निदान बोला. बाई हळूच म्हणाल्या, "सांग ना. संपव आधी." ऋजुता म्हणाली, "आई, तू बोलू नकोस," आणि उठली. मागे साहेब तिचे नाव घेत राहिले, आणि त्यांचेसमोर रिकामी खाट राहिली. मग रिक्षा केली, आणि दोन ठायी जागा नाही म्हणाले, आणि पुढे एके ठायी प्राणवायू मिळाला. आत नेतेवेळी बाईंनी मान वळवून विचारिले, "पास केलं का त्यांनी?" ऋजुता म्हणाली, "हो."

दरबाराने नापास लिहिले. मग वर्गातील मुलांनी एक होऊन अर्ज केला आणि पुन्हा परीक्षेची परवानगी आली. नियम तोच, रोग तोच, रोगी घरचा. घरी आम्हीच उरलो. सदरा काढून खाटेवर बसलो, आणि ऋजुतेने नळी आमचे छातीस लाविली, ती थंड लागली, आणि हसू आले नाही. साहेब वाट पाहत राहिले. श्वास केव्हापासून लागतो, इतके तिला विचारवेना, आणि तिने पडदा बंद केला.

येणेप्रमाणे घडले, पाहिले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही. साथ गेली, सरहद्दी उघडल्या, लंकेची व मिसरचा आपले वर्गात परत गेले. ऋजुता घरी आहे. छातीची परीक्षा द्यावयाची राहिली आहे.