गुणाबाईचा सहज फोटो

बाळांनो, मांडी घालून बसा, चुळबूळ थांबवा आणि अगदी सहज ऐका.

एका जंगलात, डोंगराच्या अलीकडच्या अंगाला, साळिंदरांचं एक कुटुंब राहत होतं. आई गुणाबाई, बाबा दगडोबा, थोरली लेक केतकी, धाकटा बिट्ट्या आणि दगडोबाची म्हातारी आई. साळिंदरं दिवसा बिळात झोपतात आणि अंधार पडला की खायला बाहेर पडतात. हेही तसंच करायचे.

त्या जंगलात फोटोची हौस जुनीच. पूर्वी सगळं घर उंबराखाली ओळीत उभं राहायचं. शेपट्या खाली, श्वास आत, डोळे ताठ. फोटो बघून वाटावं, यांना नुकतीच कुणी शिक्षा सुनावली आहे. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

मग तळ्याकाठी शुभ्रकांत नावाचा बगळा राहायला आला. त्याने सांगितलं, असे फोटो आता कुणी काढत नाही. फोटो सहज हवा. घर जसं आहे तसं दिसायला हवं. आपण एका पायावर उभे राहून खऱ्या क्षणाची वाट बघतो आणि तेव्हा आपण कुणाला दिसतही नाही, असं तो म्हणायचा. हिरव्यागार झाडीत पांढराफेक बगळा दिसत नाही हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं, कारण फॅशन नवीन होती.

शेजारच्या चपळा मुंगशिणीने पहिला मान मिळवला. तिच्या फोटोत नवरा मुलीच्या शेपटीतली कुसळं काढत होता आणि चपळा मान मागे टाकून हसत होती. पळस फुलल्यापासून त्या नवराबायकोत बोलणं नव्हतं, हे साऱ्या जंगलाला ठाऊक होतं. पण फोटो फार गोड आला होता.

गुणाबाईने तो पाहिला आणि तिची झोप उडाली. त्याचं कारण मात्र वेगळं होतं. केतकीचं लग्न ठरलं होतं, डोंगरापलीकडच्या घरी. आखूड पायांच्या साळिंदरांना डोंगर म्हणजे परदेशच. लेक गेली की घरातली तिची जागा नुसती रिकामी राहणार. केतकी असलेलं हे घर एकदा कुठेतरी ठेवून द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

ती बगळ्याकडे गेली. त्याने मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं.

"काहीच करायचं नाही, वहिनी," तो म्हणाला. "रोज असता तसे असा. मी आहे हे विसरून जा. फक्त दुपार उतरताना बाहेर बसा, ऊन छान तिरकं असतं. आणि काटे विंचरून ठेवा."

म्हणजे रोजच्यासारखं दिसण्यासाठी साळिंदरांनी दिवसा जागायचं होतं. गुणाबाई तयारीला लागली.

दगडोबाचं रोजचं वागणं म्हणजे सगळ्यांकडे पाठ करून घोरणं. ते फोटोत शोभेना. तेव्हा केतकी काहीतरी बोलेल आणि ते ऐकून त्याने हसायचं, असं ठरलं. काय बोलेल, असं त्याने विचारलं. काहीही बोलेल, तुम्ही आपले मनापासून हसा, असं गुणाबाईने बजावलं. तो दोन दिवस हसण्याचा सराव करत होता. बिट्ट्या घाबरून कोपऱ्यात जाऊन बसायचा.

आजीने नातवाला गोष्ट सांगायची होती. आजी जन्मभर साळिंदरांच्या रीतीने हाडं कुरतडत आली होती, गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. तिला एकही येत नसे. गुणाबाई म्हणाली, नुसते ओठ हलवा, फोटोत आवाज येत नाही.

ठरल्या दुपारी सगळे जांभया दाबत उन्हात बसले. बगळा गवतात एका पायावर उभा होता आणि सगळे त्याला न बघण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते. आजीने ओठ हलवले. केतकी काहीतरी बोलली. दगडोबा हसला. इतक्यात कॅमेरा वाजला, दगडोबा दचकला आणि त्याच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले. बगळ्याने नम्रपणे सांगितलं की दादा, आपला हा क्षण फारच खरा झाला, जरा कमी खरा चालेल. मग काटे पुन्हा विंचरले आणि ऊन उतरेपर्यंत दगडोबा हसत राहिला.

लेकीच्या पाठवणीलाही गुणाबाईने बगळ्याला बोलावलं. खरा क्षण तर तोच होता.

डोंगरापलीकडची मंडळी आली. खाणंपिणं झालं, सूर्य कलला. केतकी आजीच्या पाया पडली, बाबांच्या पाया पडली, बिट्ट्याच्या डोक्यावरून पंजा फिरवला. मग ती आईपाशी आली. काटे सांभाळत, गालाला गाल लावून तिने गुणाबाईच्या कानात काहीतरी म्हटलं.

नेमकी त्याच वेळी गुणाबाई डोळ्याच्या कोपऱ्यातून गवताकडे बघत होती. बगळा पंखाने कॅमेऱ्याची काच पुसत होता.

"थांब गं जरा," ती केतकीला म्हणाली. "त्याचं होऊ दे. मग परत म्हण."

केतकी थांबली. बगळ्याची काच पुसून झाली. त्याने केतकीला थोडं उन्हाच्या बाजूला वळायला सांगितलं, आईला हनुवटी खाली घ्यायला सांगितलं. मग केतकीने पुन्हा गालाला गाल लावला.

"येते हं, आई," ती म्हणाली.

मघाशी ती हे म्हणाली नव्हती. मघाचं लांब होतं आणि आवाजही वेगळा होता. गुणाबाईला ते कळलं. पण कॅमेरा वाजून गेला होता, पाहुणे निघाले होते आणि केतकी त्यांच्यामागे चालू लागली होती.

फोटो असा आला की बघणाऱ्याला भरून यावं. गुणाबाईने तो बिळाच्या तोंडाशीच लावला. सगळं जंगल बघून गेलं. चपळा म्हणाली, काय सहज आलाय, जणू कुणी काढलाच नाही. मग तिने विचारलं, केतकी काय म्हणत होती गं?

गुणाबाईने सांगितलं, बाबांना जप म्हणत होती. दुसऱ्या दिवशी ससे आले, त्यांना तिने सांगितलं, तुझ्यासारखी आई सगळ्यांना मिळो म्हणत होती. उत्तर रोज वाढत गेलं. रोज उत्तर दिल्यावर मात्र गुणाबाई बिळात जाऊन बसायची. एवढं सुंदर उत्तर आपलं आपणच केलेलं, हे तिला सहन होईना. शेवटी एके दिवशी तिने दगडोबाला सांगितलं की मी डोंगर चढते, आणि खरंच चढली.

केतकी नुकतीच उठून, मावळतीच्या उन्हात, अंगणात कंद सोलत होती. आईला बघून ती कंद टाकून धावली. दोघी पाणी पिऊन टेकल्यावर गुणाबाईने विचारलं, "त्या दिवशी पहिल्यांदा काय म्हणाली होतीस? मला ऐकू आलं नाही."

केतकीने बराच विचार केला. तिचा चेहरा उतरला.

"आई, मलाही आठवत नाही," ती म्हणाली. "माझंही सगळं लक्ष त्या बगळ्याकडे होतं."

आधी गुणाबाईच्या पाठीवरचे काटे हलले, मग केतकीचे. आणि मग दोघी अशा हसल्या की काट्यांचा खडखडाट शिवाराला ऐकू गेला. हसता हसता गुणाबाई रडायला लागली, केतकीने तिला मिठी मारली, चार काटे टोचले, तरी कुणी सुटलं नाही.

आवाज ऐकून विहीणबाई बाहेर आल्या. दाराशी उभं राहून त्यांनी ते सगळं डोळे भरून पाहिलं.

"बाई गं, किती मनापासून," त्या म्हणाल्या. "थोडं थांबता का? आमच्याकडचा बगळा इथेच ओढ्यावर असतो. बोलावते. तो आला की परत असंच करा."

गुणाबाईने केतकीकडे पाहिलं. केतकीने आईकडे पाहिलं.

मग दोघी शहाण्यासारख्या उन्हाच्या बाजूला सरकून बसल्या आणि एकमेकींचे काटे विंचरू लागल्या.

तात्पर्य : खरा क्षण आयुष्यात एकदाच येतो. म्हणून तो आला की त्याला दाराशीच थांबवावं, आणि बगळ्याला घेऊन पुन्हा ये म्हणून सांगावं.