मिश्र माध्यमातला बैल

एका जंगलात एक बैल राहत होता. जंगलात बैल कुठून आला, असं विचारू नका, मुलांनो. नोकरी मिळते तिथं राहावं लागतं. पुढे तुम्हीही राहाल.

बैलाचं नाव चांद्या. तो सिंहमहाराजांची शेती नांगरायचा. सिंह शेतात काय पिकवतो, हेही विचारू नका. महाराजांना प्रश्न आवडत नाहीत आणि मलाही.

चांद्याला वर्षातून एकच सुट्टी मिळे, पोळ्याची. रंगवलेल्या बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचं नाही, काठी उगारायची नाही, असा महाराजांचा हुकूम होता. महाराज फार दयाळू होते. वर्षातून एक दिवस.

शेजारी घोडा राहायचा. तो सरकारी रथाला होता, त्यामुळे त्याला दर रविवारी सुट्टी. एका रविवारी तो शहरातलं आधुनिक कलेचं संग्रहालय बघून आला आणि तेव्हापासून सरळ बोलेनासा झाला.

"काय बगितलंत, घोडेराव?" चांद्यानं विचारलं.

घोड्यानं उगाचच लांब कुठेतरी पाहिलं. "तुला नाही कळायचं," तो म्हणाला.

हे चांद्याला फार लागलं. यंदाच्या पोळ्याला आपण शहरात जायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

पोळ्याच्या सकाळी त्याच्या बायकोनं, तांबूनं, त्याला न्हाऊ घातलं. शिंगांना हिरवा रंग दिला, गोंडे बांधले. मग चांद्या खाली बसला आणि त्यांच्या लेकीनं, बिजली कालवडीनं, आपली खुरं गेरूत बुडवून त्याच्या पाठीवर ठसे उमटवले. एक ठसा घसरून कानावर गेला. चांद्याला गुदगुल्या झाल्या. वर्षभरात तो तेवढाच हसला असेल.

"दिवेलागणीच्या आत या बरं का," तांबू म्हणाली. "पुरणपोळी गरम हाय तवर."

"आन् बाबा, रंग पुसू नका," बिजली म्हणाली. "मला मिरवणुकीत सगळ्यांना दावायचाय."

"न्हाई पुसत," चांद्या म्हणाला आणि निघाला.

संग्रहालयाच्या दारात रेडा पहारेकरी होता. रेड्यांना पोळा नसतो. त्यामुळे त्या दिवशी तो जरा जास्तच तिरसट असे.

"कशाला हात लावायचा न्हाई. शिंग लावायचं न्हाई. मोठ्यानं बोलायचं न्हाई," तो म्हणाला.

आत सगळं पांढरंशुभ्र होतं. एका चौकटीत नुसता पांढरा कागद होता. दुसऱ्या चौकटीत कागदही नव्हता. पुढे तीन गंजके पाइप एकमेकांना टेकून उभे होते. चांद्यानं मान तिरकी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला तिरकी करून पाहिलं. घोड्याचं खरं होतं. काही कळत नव्हतं.

पाय दुखले म्हणून तो एका रिकाम्या भिंतीपाशी उभा राहिला, डोळे अर्धवट मिटले आणि रवंथ करू लागला. त्या भिंतीवर एक पाटी होती. पाटीखालची वस्तू दुरुस्तीला गेली होती. पाटीवर लिहिलं होतं : 'कष्ट. मिश्र माध्यम.'

दोन शेळ्या आल्या. त्यांनी पाटी वाचली, चांद्याकडे पाहिलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"मिश्र माध्यम म्हणजे गं काय?" एकीनं हळूच विचारलं.

"म्हणजे घरात जे सापडेल ते," दुसरी म्हणाली. "बघ ना, रंग आहे, गोंडे आहेत, कातडं आहे."

"बाई, मी बगायला आलोय," चांद्या म्हणाला.

"अय्या, आवाजसुद्धा आहे!"

गर्दी जमली. संग्रहालयाचे संचालक बगळे साहेब धावत आले. हा बैल कुठला, हे त्यांना माहीत नव्हतं. पण माहीत नाही, असं म्हणायची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

ते एका पायावर उभे राहिले. "हा बैल नाही," ते म्हणाले. "हा बैलाचा अभाव आहे."

"मग पोळी कोन खाणार?" चांद्यानं विचारलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि पाठीवरचे हे ठसे पाहा. तुडवल्या गेलेल्या पिढ्यांचा आक्रोश!"

"आवो, माज्या लेकीचं खूर हाय ते! हसत हुती ती!"

कुणी ऐकलं नाही. बगळे साहेबांनी त्याच्याभोवती दोरी बांधायला सांगितली. चांद्या निघू लागला, तर रेडा आडवा आला.

"संग्रहातली वस्तू भायेर जात न्हाई."

"आरं, पोळा हाय माजा!"

"तुजाच हाय," रेडा म्हणाला. "आमचा कवा आसतोय?"

दुपार टळली. खिडकीतलं ऊन पिवळं पडलं. घरी तांबूनं तवा ठेवला असेल, बिजली वेशीकडे बघत उभी असेल. हे सगळे आपल्याला बघत नाहीत, रंगाला बघतायत, एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं. पण ते ध्यानात येऊनही तो बराच वेळ तसाच उभा राहिला. लेकीला शब्द दिला होता.

शेवटी त्यानं डोळे गच्च मिटले आणि त्या पांढऱ्या भिंतीवर पाठ घासली. कान घासला. शिंगं घासली. गोंडे तुटून पडले. कातडं सोललं, तेव्हा थांबला.

रेडा धावत आला. "आरं! ह्यो बैल आत कुनी सोडला?"

आणि चांद्याच्या पाठीत काठी बसली. पोळ्याच्या दिवशी.

तो धावत वेशीवर आला. तिथं महाराजांचा कारभारी कोल्हा उभा होता. त्यानं चांद्याला वरून खाली न्याहाळलं.

"रंग कुठंय?"

"हुता."

"होता म्हणजे नाही. बिनरंगाचा बैल म्हणजे कामाचा बैल. चल, पाण्याचा गाडा ओढ."

चांद्या गाडा ओढून घरी आला, तेव्हा मिरवणूक संपली होती आणि पोळी गार झाली होती. बिजलीनं त्याची पाठ पाहिली आणि ती रडायला लागली. चांद्याला तिच्याकडे बघवेना. तांबूनं जखमेला हळद लावली.

पुढच्या रविवारी घोडा पुन्हा शहरात जाऊन आला. या वेळी त्याचे डोळे पाणावले होते.

"तिथं एक नवीन भिंत आलीय," तो म्हणाला. "पांढऱ्यावर लाल. कुठे खूर दिसतं, कुठे नुसता ओरखडा. मी तासभर हललो नाही."

चांद्या जू घेऊन उभा होता. "मला ठावं हाय ती," तो म्हणाला.

"तुला नाही कळायचं," घोडा म्हणाला.

"ते माजं खूर हाय!" बिजली ओरडली.

घोडा प्रेमानं हसला. "लहान मुलांना सगळं आपलंच वाटतं," तो म्हणाला.

तात्पर्य : मुलांनो, मोठी कला जन्माला यायची तर कुणाला तरी अंग सोलून घ्यावं लागतं आणि कुणाला तरी तिच्यासमोर डोळे पुसावे लागतात. दोन्ही कामं सारखीच थोर आहेत. तरी नीट अभ्यास करा आणि मोठेपणी घोडा व्हा.