नवनाथ ढवळे यांची बदली व तीतील नौकानयनाचा प्रश्न

माणसाने नोकरीसाठी गाव सोडावे, याला समाजाची पूर्ण मान्यता आहे. पिंपरी-चिंचवड तर या मान्यतेवरच उभे आहे. इथे प्रत्येक जण कुठून तरी आलेला असतो आणि दोन वर्षांत परत जायचे ठरवून आलेला असतो. (या दोन वर्षांची सरासरी सध्या तेवीस वर्षे भरते. सरासरी मीच काढली आहे. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत.) मात्र इथे रुळलेल्या माणसाला इथून हलवायला काय पुरेसे ठरते, याचा अभ्यास झालेला नव्हता. तो आमच्या शेजारच्या नवनाथ ढवळे यांनी केला.

नवनाथराव मूळचे औसा तालुक्यातले. चाकणच्या एका कारखान्यात ते क्वालिटी विभागात आहेत. इतरांनी बनवलेल्या मालात खोट काढणे हे त्यांचे काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पत्नी दीपमालाबाई आम्ही राहतो त्या वाकडच्याच शाळेत शिकवतात. मुलगी दिव्या, हिची दहावीची परीक्षा बदलीचे पत्र आले तेव्हा नुकतीच संपली होती. वाकड ते चाकण या प्रवासाला पाऊण तास ते अडीच तास लागतात. हा फरक कशावर अवलंबून असतो, ते पुढच्या ट्रकवाल्यालाही सांगता येत नाही.

चार वर्षांपूर्वी नवनाथरावांनी हवा भरायची एक नाव ऑनलाइन मागवली. उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या माणसाला मोकळ्या पाण्याबद्दल काय वाटते, हे ते कोणाला सांगत नाहीत. नाव घेताना त्यांनी 'व्यायाम होईल' एवढेच सांगितले.

नौकानयनाची पद्धत अशी. रविवारी पहाटे पाचला निघायचे ठरते आणि साडेआठला निघणे होते. पवना धरणाच्या काठी गेनूबाबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर गाडी लावेपर्यंत अकरा वाजतात. पायपंपाने नाव फुगवायला चाळीस मिनिटे. मग पाण्यात पंचवीस मिनिटे. तेवढ्यात वारा सुटतो किंवा दिव्याला भूक लागते. नाव पुसून, वाळवून, घडी घालायला एक तास. (ती मूळच्या पिशवीत आजवर एकदाही मावलेली नाही. पिशवी बनवणाऱ्यांनी नाव पाहिली नसावी.) परतीला तीन तास. गेल्या वर्षी अशा सात फेऱ्या झाल्या. वर्षभरात पाण्यावर घालवलेला वेळ दोन तास पंचावन्न मिनिटे. क्वालिटीचा माणूस असल्यामुळे त्यांच्याकडे नोंद आहे.

एप्रिलमध्ये कंपनीने नवनाथरावांना नागपूरजवळ बुटीबोरीच्या नव्या प्लांटला बढतीवर पाठवायचे ठरवले. पगारात बावीस टक्के वाढ, निर्णयाला पंधरा दिवस. नवनाथरावांना जायचे नव्हते. का नव्हते, हे त्यांना स्वतःलाही कळेना, आणि कारखान्यात कारणाशिवाय काहीच नाकारता येत नाही.

सुदैवाने पत्रासोबत एक फॉर्म होता. त्यात 'स्थलांतरास अडचण ठरू शकेल अशी वैयक्तिक बाब' असा रकाना होता. इथे सर्वसाधारणपणे आईचा गुडघा लिहितात. नवनाथरावांच्या आईचे गुडघे औशात ठणठणीत होते, म्हणून त्यांनी लिहिले, 'नौकानयन'. असल्या छंदाला नागपूरकडे काय उत्तर असणार, असा त्यांचा हिशेब होता.

पण एचआरला मिनल नावाची नवी मुलगी आली होती. तिने तो रकाना वाचला. (तो वाचायचा नसतो, हे तिला अजून कोणी सांगितले नव्हते.) तीन दिवस खपून तिने अकरा पानी अहवाल पाठवला. घरभाडे वाकडच्या निम्म्याहून कमी. भाजी स्वस्त. घर ते कारखाना चौदा मिनिटे. दीपमालाबाईंसाठी तीन शाळांमध्ये जागा. महिन्याकाठी बचत एकतीस हजार. आणि शेवटच्या पानावर नकाशासह, घरापासून अठरा मिनिटांवर तलाव. खाजगी नावेला परवानगी, गर्दी नगण्य. शंका राहू नये म्हणून कंपनी दोन दिवस सहकुटुंब पाहणीलाही पाठवायला तयार होती.

ढवळे कुटुंब गेले. नावही रेल्वेने गेली.

रविवारी सकाळी सव्वासहाला नाव पाण्यात होती. कोणी अडवले नाही, कोणी पावती मागितली नाही. आरशासारख्या पाण्यात नवनाथरावांनी पाऊण तास वल्ही मारली. एक पांढरा बगळा सोबत चालत होता. सव्वाआठला सगळे गेस्ट हाऊसवर परतले, आंघोळी झाल्या, पोहे झाले आणि नऊ वाजले. त्यानंतर अख्खा रविवार उरला.

दीपमालाबाईंनी शाळेचे पेपर तपासायला काढले. दिव्या मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली. नवनाथरावांनी टीव्ही लावला, बंद केला, बाल्कनीत गेले, आत आले. संध्याकाळचे चार वाजले असतील असे वाटून त्यांनी घड्याळ पाहिले, तर पावणेबारा. त्यांनी तलाव, रस्ता, घर, भाडे सगळे पुन्हा तपासले. वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच त्यांना कुठेही खोट सापडत नव्हती, आणि त्यामुळे त्यांना फार अस्वस्थ वाटले.

परतल्यावर हातात एक रविवार होता. बुधवारी उत्तर द्यायचे होते. शेवटचे एकदा पवनेला जाऊन यावे म्हणून तिघे निघाले, नेहमीप्रमाणे उशिरा. सोमाटणे फाट्याच्या अलीकडे गाड्या थांबल्या. पुढे काय झालंय ते कोणाला माहीत नव्हते. दीपमालाबाईंनी डब्यातली कैरी पुढे केली. पाच मिनिटांनी दिव्या मागच्या सीटवरून म्हणाली,

"पप्पा, मला इंजिनिअरिंगच्या क्लासला नाही जायचं."

क्लासमध्ये दोन महिन्यांपूर्वीच नाव घातले होते. एरवी घरात हे वाक्य आले असते, तर नवनाथराव उठून दुसऱ्या खोलीत गेले असते आणि तिथून 'नंतर बघू' असे म्हणाले असते. इथे डावीकडे टेम्पो होता, उजवीकडे बस होती. त्यांनी विचारले, "का गं?"

"भीती वाटते. गणिताच्या पेपरच्या दिवशी मी शाळेत दोनदा उलटी केली. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही."

दीपमालाबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. त्या वीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवत आल्या आहेत. हळूच म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी नुसती बसलेली नसतेस, आई."

गाडी पन्नास मिनिटे हलली नाही, त्यामुळे विषयही बदलता आला नाही. दिव्याला भूगोल आवडतो, नद्या आवडतात, हे नवनाथरावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मग मागचेही आठवू लागले. मैत्रिणीशी झालेले भांडण तिने तळेगावजवळ सांगितले होते. दीपमालाबाईंच्या गाठीची तपासणी, आणि ती साधी निघाल्याचे, देहूरोडच्या सिग्नलला. घरातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये सांगितली गेली होती.

काठावर पोचेपर्यंत साडेबारा झाले. गेनूबाबा बांधावर बसलेले होते.

"आज लई उशीर. आता फुगवून कवा जायचं? वारं सुटलंय."

"नाव नाही काढत आज, बाबा. नुसतंच बसतो."

"बसा की," गेनूबाबा म्हणाले. "न्हाईतरी चार वरीस बघतोय, तुमी पान्यात कमी आन् काठावरच जास्त असता. आमी म्हणतो बसायलाच येत्यात."

बुधवारी नवनाथरावांनी उत्तर दिले. मी ते वाचले आहे. 'महोदय, बुटीबोरी येथील सर्व सुविधा उत्कृष्ट आहेत. तथापि कळविण्यास खेद होतो की, तेथील तलाव फारच जवळ आहे. सबब बदली स्वीकारता येत नाही.' मिनलने फोन करून विचारले की 'लांब'च्या जागी चुकून 'जवळ' पडले आहे का. नवनाथराव म्हणाले की पत्र दोनदा तपासले आहे.

बढती ज्योतीराम नावाच्या सहकाऱ्याला मिळाली. तो एकटाच राहतो, रोज सकाळी त्या तलावावर जातो, पंधरा दिवसांत त्याचे पोटही उतरले. तो सुखी आहे आणि ते रास्तच आहे. दिव्याने क्लास सोडला. फी परत मिळाली नाही. दीपमालाबाई रोज संध्याकाळी साडेसात ते आठ काहीही न करता बसतात. सुरुवातीला त्यांना हे फार अवघड गेले.

आता, महिना एकतीस हजार म्हणजे वर्षाला तीन लाख बहात्तर हजार, आणि हा माणूस वेडा आहे, असा हिशेब आपण मघाशीच मनात करून ठेवला आहे. हिशेब बरोबर आहे. मीही तोच केला होता. फक्त आपल्या घरातल्या माणसाने आपल्याला मनातले शेवटचे काय सांगितले, ते आठवून बघा. नाही आठवत? हरकत नाही. आपले घर ऑफिसपासून चौदा मिनिटांवर असेल.